आरएलबाई

आरएलबाई कामाला लागतात त्या उलट्या टांगूनच. तोंड खाली, बूड वर. बुडाला प्लास्टिकचं एक कडं असतं, सगळा भार त्याच्यावर. दवाखान्यात त्यांच्यासाठी लोखंडी स्टँड असतो. घरी आल्या की मिळेल ते चालतं. खिडकीचा गज, मच्छरदाणीचा खिळा, कपडे वाळत घालायची तार, नाहीतर कालनिर्णय उतरवून मोकळा केलेला खिळा. बाईंची अट एकच : रुग्णापेक्षा हातभर तरी उंच टांगा. उंची मिळाली नाही तर त्या काम थांबवतात आणि रुग्णाचंच रक्त नळीतून वर डोकवायला लागतं.

अंगाने पारदर्शक, मापाने अर्धा लिटर. छातीवरच्या लेबलवर ‘कंपाउंड सोडियम लॅक्टेट’ असं भारदस्त नाव आणि कंसात रिंगरसाहेबांच्या आडनावाचं ‘रिंगर लॅक्टेट’. त्या नावाने त्यांना कोणी हाक मारत नाही. डॉक्टर आणि कंपाउंडर आरएल म्हणतात, घरचे ‘बाटल’ म्हणतात. बहिणी तीन. एनएस साधी, नुसतं मीठपाणी, लिटरला ९ ग्रॅम. डेक्स्ट्रोज गोड, तिलाच गाव ‘ग्लुकोज’ म्हणतं आणि गावाचा जीव तिच्यावरच जास्त. डीएनएस दोघींची मिळून झालेली. आरएलबाई चौघींत घरंदाज : मीठ आहे, चिमूटभर पोटॅशियम आहे, कॅल्शियम आहे, शिवाय लॅक्टेट. रक्ताच्या पाण्याशी सर्वांत जवळचं नातं त्यांचं.

वडसात, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजात, बाईंना मान मोठा. स्टेशनवरच्या पाटीवर वडसा आणि तालुक्याच्या शिक्क्यात देसाईगंज अशी दोन नावं मिरवणाऱ्या या गावात कितीतरी वर्षं गडचिरोली जिल्ह्याचं एकुलतं एक रेल्वे स्टेशन होतं. त्यामुळे धानाची पोती, नाटकाचे पडदे आणि आजारी माणसं सगळी इथेच उतरायची. रोवणीत कंबर मोडली की बाटल. ताप उतरला पण तोंडाला चव नाही, बाटल. ‘डॉक्टर, एक बाटल लावून द्या जी’ हे वाक्य इथल्या दवाखान्यांनी किती वेळा ऐकलं असेल! ज्याला उलटी नाही, ज्याला तोंडाने पाणी पिता येतं, त्याला बाईंची गरज नसते. मीठ-साखरेचं पाणी तेच काम करतं. पण शिरेतून गेलं ते औषध आणि तोंडातून गेलं ते नुसतं पाणी, अशी आपली पक्की समजूत. बाईंच्या पुष्कळशा भेटी त्यामुळे मानपानाच्याच असतात. मला त्यांचा राग येत नाही, त्यांना बोलावणाऱ्यांचा येतो.

खरं काम निघतं ते वेगळ्याच दिवशी, आणि पुष्कळदा माणसासाठी नाही.

घरचा शेरू परवापर्यंत गेटवरून सायकलींवर भुंकत होता. काल त्याने भाताकडे पाहिलं नाही. रात्री दोनदा पिवळं ओकला. आज सकाळी तो मोरीजवळच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडलाय. पाणी पितो आणि प्यालेलं ओकतो. तोंडाजवळ नाक नेलं तर अमोनियासारखा उग्र वास येतो, हिरड्यांवर फोड दिसतात. घरातल्यांना वाटतं, कुणीतरी विष घातलं. घातलेलं नसतं. विष त्याच्या अंगातच तयार झालेलं असतं, रोज होतं तसं; फक्त ते बाहेर टाकणारी दोन मूत्रपिंडं संपावर गेलेली असतात.

ढोरांचा डॉक्टर पायाच्या शिरेतून रक्त काढतो. कुत्र्यासाठी वेगळी लॅब गावात कुठून असणार? नमुना माणसांच्या लॅबमध्ये जातो. मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं क्रिएटिनिन कुत्र्याच्या रक्तात साधारण दीडच्या आत असावं लागतं. पाचच्या वर गेलं की गोष्ट गंभीर, दहाच्या वर गेलं की अतिगंभीर. या आकड्याची खोड अशी की तो उशिरा बोलतो. मूत्रपिंडांचं तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत तो गप्प बसतो. म्हणून काल ‘बरा होता’ हे घरच्यांचं म्हणणं खोटं नसतं.

मग आरएलबाईंना बोलावणं जातं.

पण शेरूला झालं काय? वडसाच्या या झाडीपट्टीत पावसाळ्यात हा प्रश्न विचारला की पहिला संशय उंदरावर जातो. हा धानाचा मुलूख. बांध्या पाण्याने भरलेल्या, धुऱ्यांना बिळं, गावात राईस मिल आणि मिलमध्ये कोंडा, कनकी, पोत्यांच्या थप्प्या. उंदरांना याहून चांगलं गाव कुठे मिळायचं? लेप्टोस्पायरा नावाचा मळसूत्री जंतू उंदराच्या मूत्रपिंडात घरजावई होऊन राहतो. उंदराला काही होत नाही; तो मुतत फिरतो आणि जंतू ओल्या मातीत, साचल्या पाण्यात कित्येक आठवडे जगतो. शेरू त्याच पाण्यातून चालतो, तेच पाणी चाटतो, पायाला एखादी चीर असली तर तेवढं दार पुरतं. जंतू रक्तातून मूत्रपिंडात आणि यकृतात जातो. डोळे पिवळे दिसले तर यकृतही गेलं म्हणायचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये कुत्र्यांत अशीच साथ आली, म्हणून जुन्या पुस्तकांत याला स्टुटगार्टचा रोग म्हटलेलं आढळतं. आपल्याकडे लेप्टो हे नाव घरोघरी पोचलं ते २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर. पण पूर लागतोच असं नाही. पाणी साचलेली एक बांधी पुरे.

उंदराशिवाय दुसरेही आरोपी आहेत. गोचिडाचा ताप, ज्यात लघवी काळ्या चहाच्या रंगाची होते. घोणस, जिचं विष मूत्रपिंडं बंद पाडतं. तिथे बाईंच्या आधी प्रतिविष हवं. मे महिन्यातलं चंद्रपूरकडचं ऊन, त्यात पत्र्याखाली साखळीने बांधलेला कुत्रा. आणि एक आरोपी घरातल्या डब्यात असतो, ज्याचं नाव घ्यायला लोक लाजतात : दुखण्याची गोळी. कुत्रा लंगडतो, माया येते, आपण खातो त्यातली अर्धी गोळी भाकरीत लपवून दिली जाते. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळतं. आधीच उलट्यांनी पाणी कमी झालं असेल तर फारच.

या गोळीने काय होतं याचा पुरावा याच जिल्ह्याच्या आभाळातून गेला. गिधाडं दिसेनाशी झाली तेव्हा कारण कुणाला कळेना. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की डायक्लोफिनॅक टोचलेल्या ढोरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. मेलेल्या पक्ष्यांच्या आतड्या-काळजावर युरिक आम्लाचा पांढरा थर सापडत होता. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. मग लोक माणसांच्या मोठ्या कुप्या ढोरांना टोचू लागले, म्हणून २०१५ मध्ये कुपीच ३ मिलीची करावी लागली. गडचिरोलीच्या वनविभागाने गिधाडांसाठी सुरक्षित मांसाची ‘उपाहारगृहं’ काढली ती याच दुखण्यापायी. गिधाडाला उलटी टांगलेली बाटली लावायला कोण जाणार? कुत्र्याचं नशीब त्या मानाने चांगलं.

बाईंच्या घराण्याची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. १८३१ मध्ये इंग्लंडात कॉलऱ्याची साथ असताना ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टरने रोग्यांचं रक्त तपासलं आणि सांगितलं की यातलं पाणी आणि मीठ निघून गेलंय, ते परत घाला. हाच ओशॉनेसी पुढे कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि त्याने इथे तारायंत्राचं जाळं उभारलं. त्याचा सल्ला प्रत्यक्षात आणला तो स्कॉटलंडमधल्या लीथच्या टॉमस लाटाने, १८३२ मध्ये. मरणाच्या दारातल्या एका म्हातारीच्या शिरेत त्याने सहा पाइंट मीठपाणी सोडलं. म्हातारी उठून बसल्यासारखी झाली, चेहऱ्यावर रंग आला, बोलू लागली. लाटा थकला होता. तिला दवाखान्यातल्या डॉक्टरच्या हवाली करून तो विश्रांतीला गेला. जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या, पाणी पुन्हा कोणी सोडलं नाही, काही तासांत म्हातारी गेली. बाईंच्या पणजीचा हा पहिला प्रयोग, आणि त्यातच घराण्याचा स्वभाव कळतो : काम उत्तम करतात, पण जवळ माणूस लागतो.

पुढचा प्रयोग अपघाताने झाला. १८८०च्या दशकात लंडनचे सिडनी रिंगर बेडकाचं काढलेलं हृदय मीठपाण्यात जिवंत ठेवायचा प्रयत्न करत होते. एकदा ते नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त वेळ धडधडत राहिलं. चौकशी केली तर मदतनिसाने शुद्ध पाण्याऐवजी लंडनच्या नळाचं पाणी वापरलं होतं. त्यातल्या कॅल्शियमची ती करामत. कामचुकार माणसाच्या हातून विज्ञानाचं एवढं भलं क्वचितच झालं असेल. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसचे बालरोगतज्ज्ञ हार्टमन यांनी त्यात लॅक्टेट घातलं, कारण आजारी मुलांच्या रक्तात आम्ल साचत होतं. मूत्रपिंड बंद पडलं की शेरूच्या रक्तातही आम्ल साचतं. यकृत हे लॅक्टेट वापरून ते आम्ल मारतं. यकृतच धड नसेल किंवा रक्तात पोटॅशियम फार चढलं असेल, तर डॉक्टर कधी बाईंना परत पाठवून साध्या एनएसला बोलावतात. बाईंना त्याचं वाईट वाटत नाही.

आता रात्रीचं काम. शेरूच्या पुढच्या पायाचे केस कातरलेले, तिथे इंट्राकॅथ, वर चिकटपट्टीचे वेढे. बाटलीच्या बुडाला एक मोकळी सुई टोचलेली, बाईंना श्वास घेता यावा म्हणून. ती विसरली की बाटली आत चेपत जाते आणि थेंब अडतो. नळीवरचं चाक फिरवून थेंब ठरवायचे : २० थेंबांचा १ मिली. मिनिटाला २० थेंब सोडले तर तासाला ६० मिली, आणि अर्ध्या लिटरच्या बाई सुमारे सव्वाआठ तास पुरतात. दहा किलोच्या कुत्र्याला नुसतं टिकून राहायला दिवसाला पाच-सहाशे मिली लागतं. उलट्यांनी अंगातलं पाणी वजनाच्या आठ टक्के उतरलं असेल तर ती तूट आणखी ८०० मिलीची. म्हणजे एका बाईने भागत नाही, एकीमागून एक अशा येत राहतात. हा हिशोब डॉक्टरने करायचा. घरच्यांनी थेंब मोजायचे.

वडसाला जागरणाची सवय आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत इथल्या कंपन्यांची नाटकं गावोगाव रात्रभर चालतात आणि लोक ती पहाटेपर्यंत बसून पाहतात. या नाटकात मात्र टाळीची जागा नाही. शेरू पाय दुमडतो, थेंब थांबतो. कोणीतरी पाय सरळ धरतो, थेंब सुरू होतो. तो पट्टी चाटायला मान वळवतो, घरातली पोरगी मान हातात घेऊन बसते. ओकारीचं इंजेक्शन, पित्ताचं इंजेक्शन, लेप्टोचा संशय असेल तर अँटिबायोटिक. बाई बोलत नाहीत, नुसत्या टिपकत राहतात.

आणि त्यांचा सर्वांत मोठा दोष इथेच आहे. त्या खाली पाहत नाहीत.

शेजारचा एखादा म्हातारा ओट्यावरून हे सगळं बघत असतो. घरात मोठी शांतता, सगळ्यांचे डोळे बाटलीवर, आणि तो विचारतो, ‘पानी त चढवून राह्यले जी, पन तो मुतते का?’ पोरं हसतात. हसू नये. अख्ख्या आजाराचा गाभा त्या एका प्रश्नात आहे. शिरेतून गेलेलं पाणी मूत्रपिंडाने बाहेर काढलं तर बाईंचं काम झालं : साचलेलं विष पातळ झालं, वाहून गेलं, मूत्रपिंडाला सावरायला उसंत मिळाली. पाणी जात राहिलं आणि लघवीच झाली नाही, तर तेच पाणी फुप्फुसात साचतं. आजाराने न मेलेला कुत्रा पाण्याने मरतो. बाई तरी मिनिटाला २० थेंब टाकतच असतात. त्यांना थांबायला कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून बाटलीपेक्षा बुडाखालचं कापड महत्त्वाचं. चांगल्या चाललेल्या कुत्र्याला किलोमागे ताशी एक ते दोन मिली लघवी व्हावी. दहा किलोच्या शेरूला तासाला निदान १० मिली, आणि बाटल चालू असताना त्याहून बरीच जास्त. जुनी चादर कोरडी असताना तोलायची, ओली झाल्यावर पुन्हा तोलायची. वाढलेला एक ग्रॅम म्हणजे एक मिली. कुत्र्यालाही रोज तोलायचं. आमच्या गावात काट्यांची वाण नाही; जिथे धानाचं पोतं तोलतात तिथे कुत्राही तोलता येतो. एका दिवसात वजन चढलं तर ते मांस नाही, पाणी आहे. झोपेत श्वास मिनिटाला ३० च्या वर गेले, नाकातून पातळ पाणी आलं, डोळ्यांच्या कडा फुगल्या, तर चाक फिरवून थेंब बंद करायचे आणि डॉक्टरला फोन लावायचा. ‘बाटल पुरी होऊ द्या’ म्हणून वाट पाहायची नाही. लघवी सुरू करायला डॉक्टर लॅसिक्स देऊन बघतात. कधी होते, कधी नाही.

न झाली तर बाईंची हद्द संपते. त्या रक्त पातळ करू शकतात, गाळू शकत नाहीत. गाळायला डायलिसिस लागतं. कुत्र्यांसाठी ते मद्रास व्हेटर्नरी कॉलेजसारख्या मोजक्या ठिकाणी मिळतं. वडसाहून तिथे पोचेपर्यंत ज्या कुत्र्याला त्याची गरज आहे तो बहुधा टिकत नाही. त्यातल्या त्यात जवळचं मोठं ठिकाण म्हणजे नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय, सुमारे दीडशे किलोमीटरवर. पूर्वी नागभीडहून नॅरोगेजची गाडी नागपूरला जायची, ती २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. रस्त्याने जायचं तर वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरी गाठावी लागते, आणि ऑगस्टअखेर २०२० मध्ये आला तसा पूर आला, गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले, की तोही मार्ग संपतो. लेप्टोचा मोसम आणि पुराचा मोसम एकच. पाऊस या मुलखाला भात देतो आणि त्याच महिन्यांत दवाखान्याचा रस्ता काढून घेतो.

दोन-तीन दिवसांत बहुतेक वेळा कळतं. लघवी खुलली, क्रिएटिनिन उतरायला लागलं, शेरूने मान उचलून भाताच्या पेजेचा वास घेतला, तर आशा धरायची. अचानक बंद पडलेलं मूत्रपिंड पुन्हा चालू होऊ शकतं. वर्षानुवर्षं झिजून गेलेल्याचं तसं नसतं. हा फरक घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवा. ‘किडनी गेली’ एवढं ऐकून पुष्कळ जण कुत्र्याला घरी नेऊन मरायला ठेवतात, आणि त्यातले काही वाचले असते. पण आकडा उतरत नाही, लघवी नाही, फिट यायला लागल्या, तर बाटलीमागून बाटली टांगत राहणं ही माया नव्हे. तेव्हा डॉक्टरला शांत मरण देता येतं, आणि ते मागायला लाजू नये. तो निर्णय माणसांनी घ्यायचा. बाईंवर ढकलून चालत नाही.

वाचलेला कुत्राही लगेच मोकळा होत नाही. लेप्टोतून उठलेला शेरू पुढे काही आठवडे लघवीतून जंतू टाकू शकतो, आणि तो माणसालाही लागतो. ओली चादर उचलताना हातात मोजे हवेत, फरशीला ब्लीचिंग हवं, आणि घरात कोणाला ताप, अंगदुखी, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरला कुत्र्याचं आजारपण आधी सांगायला हवं.

आरएलबाईंबद्दल माझं मत स्पष्ट आहे : बाई गुणी आहेत, पण त्यांच्यावर आपण टाकलेला विश्वास आंधळा आहे. निम्म्याहून जास्त काम त्यांना बोलवायची वेळच येऊ नये म्हणून करायचं असतं. रेबीजच्या लशीने लेप्टो टळत नाही; लेप्टोची लस वेगळी, ‘सेव्हन-इन-वन’सारख्या जोडलशीत येते. तिच्यात जेवढ्या जातींचे जंतू आहेत तेवढ्यांपासूनच ती वाचवते, तरी घेतलेली बरी. पहिल्यांदा दोन डोस, काही आठवड्यांच्या अंतराने, आणि नंतर दरवर्षी एक. आमच्याकडे ती मृग लागायच्या आधी, रोवणीची पऱ्हे टाकायच्या सुमारास द्यावी. दुखण्याची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय कुत्र्याच्या तोंडात घालू नये, अर्धीसुद्धा.